न्यूकासल ईगल्सच्या हंगामवार तक्त्यात २००५ ते २०१५ याच काळात एवढे करंडक कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यूकासल ईगल्स या ब्रिटिश बास्केटबॉल संघाचा हंगामवार तक्ता तुम्ही पाहिला. त्यात २००५ च्या आधी करंडकांचा रकाना कोरा, पुढची दहा वर्षं गच्च भरलेला आणि मग पुन्हा विरळ. मधल्या काळात कुणी श्रीमंत मालक मिळाला होता का, असं तुम्ही विचारलंय.

श्रीमंत मालक होता, पण तो कोऱ्या रकान्याच्या काळात. तो निघून गेला आणि त्यानंतर काही वर्षांनी करंडक यायला लागले. मी न्यूकासलमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात शिकत होतो तेव्हा ईगल्स आमच्याच विद्यापीठाच्या स्पोर्ट सेंट्रल या हॉलमध्ये खेळायचे. फुटबॉलचं तिकीट विद्यार्थ्याला परवडायचं नाही, हे परवडायचं, एवढ्याच कारणाने मी जायला लागलो आणि अडकलो. त्यामुळे उत्तर थोडं पक्षपाती असणार, हे धरून चाला.

आधी तक्ता कसा वाचायचा ते सांगतो, नाहीतर घोळ होतो. तुम्ही पाहिलेल्या जवळजवळ सगळ्या काळात हा संघ ब्रिटिश बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे बीबीएलमध्ये होता. या लीगमध्ये एका हंगामात चार गोष्टी जिंकता यायच्या. पहिली लीग, म्हणजे शरदापासून वसंतापर्यंत सगळ्यांशी खेळून गुणतक्त्यात पहिलं येणं. दुसरा कप आणि तिसरी ट्रॉफी, या दोन्ही बहुतेक वेळा बाद पद्धतीच्या वेगळ्या स्पर्धा. चौथा प्ले-ऑफ, म्हणजे लीगमधल्या पहिल्या आठांची हंगामअखेरची बाद फेरी. लीग जिंकणारा आणि प्ले-ऑफ जिंकणारा संघ बऱ्याचदा वेगळा निघायचा आणि दोघांचेही पाठीराखे ‘आम्हीच चॅम्पियन’ म्हणायचे. वरच्या लीगमध्ये चढणं किंवा खालच्या लीगमध्ये घसरणं हा प्रकार नव्हता. संघाला लीगमध्ये जागा मिळायची ती फ्रँचायझी म्हणून. म्हणजे संघ विकता यायचा, दुसऱ्या गावी हलवता यायचा, त्याचं नाव बदलता यायचं. ब्रिटिश बास्केटबॉलमधली निम्मी रडगाणी या एका नियमातून निघतात.

ईगल्सही तसेच आले. संघाची सुरुवात १९७६ मध्ये संडरलंडला झाली. त्या काळी प्रायोजक बदलला की नाव बदलायचं, त्यामुळे पावाच्या ब्रँडवरून सनब्लेस्ट, नंतर सेंट्स, सेव्हन्टीसिक्सर्स, स्कॉर्पियन्स अशी लांबलचक नामावळी दिसते. क्राउट्री लेझर सेंटर हे त्यांचं घर. जुनी माणसं अजून त्या हॉलबद्दल हळवेपणाने बोलतात.

१९९५ मध्ये सर जॉन हॉल यांनी हा संघ घेतला आणि न्यूकासलला आणला. हॉल म्हणजे न्यूकासल युनायटेड फुटबॉल क्लबचे तेव्हाचे मालक, बांधकाम व्यवसायातले बडे उद्योगपती. बार्सिलोनाच्या धर्तीवर एकाच छत्राखाली फुटबॉल, रग्बी, आइस हॉकी आणि बास्केटबॉल असा ‘स्पोर्टिंग क्लब’ उभा करायचं त्यांचं स्वप्न होतं. संडरलंड आणि न्यूकासल यांच्यात अंतर वीसेक किलोमीटरचं, पण फुटबॉलमुळे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. कोल्हापुरात मंगळवार पेठेचा फुटबॉल संघ उचलून शिवाजी पेठेत नेला तर काय होईल, ते एखाद्या कोल्हापूरकराला विचारा. संडरलंडचे बरेच प्रेक्षक तिथेच सुटले.

पहिला हंगाम, १९९५-९६, न्यूकासल कॉमेट्स या नावाने गेला. १९९६ पासून ईगल्स. खेळायला नोव्हेंबर १९९५ मध्ये उघडलेलं कोरं करकरीत न्यूकासल अरीना, दहा-अकरा हजारांचं. थाट मोठा होता. हॉल यांच्या रग्बी संघाने १९९७-९८ मध्ये देशाचं विजेतेपद मिळवलंसुद्धा. बास्केटबॉलच्या वाट्याला मात्र काही आलं नाही, आणि दशक संपता संपता हॉल यांच्या स्पोर्टिंग क्लबचा संसार मोडला. हॉकी गेली, रग्बी गेली, बास्केटबॉलला घ्यायला फारसं कुणी नव्हतं.

इथे पॉल ब्लेक हे नाव लक्षात ठेवा. १९९९ च्या सुमारास संघाची सूत्रं त्यांच्या हाती आली आणि पुढची पंचवीसेक वर्षं ती तिथेच राहिली. अब्जाधीश वगैरे नाही. क्लब चालवणारा माणूस. बीबीएलमध्ये इतकी वर्षं एकाच माणसाने एकच क्लब चालवल्याची उदाहरणं फार कमी आहेत, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे फॅब्युलस फ्लर्नॉय. टोपणनाव नाही, आईवडिलांनी ठेवलेलं खरं नाव. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला मुलगा, लुइझियानातल्या मॅकनीज स्टेट विद्यापीठाकडून खेळलेला, इंग्लंडमध्ये आला तो बर्मिंगहॅम बुलेट्सकडून. गुणांचा पाऊस पाडणारा खेळाडू तो कधीच नव्हता. त्याचं काम समोरच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या माणसाला रात्रभर छळणं. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ईगल्सने त्याला खेळाडू-प्रशिक्षक केलं. एक कारण सरळ होतं: एका पगारात दोन माणसं. पण तो टिकला. २०१९ पर्यंत तोच मुख्य प्रशिक्षक, आणि त्यातली बहुतेक वर्षं स्वतः शॉर्ट्स घालून मैदानातही. टाइमआउटमध्ये घामाने निथळत फळ्यावर चाल काढायची आणि शिट्टी वाजली की परत बचावाला उभं राहायचं, हे दृश्य मी चाळिशी ओलांडलेल्या फ्लर्नॉयचं पाहिलंय. मजा अशी की तो ओरडायचा कमी आणि बघायचा जास्त. ते बघणं खेळाडूंना जास्त झोंबायचं.

आता तक्त्याकडे या.

२००४-०५ मध्ये रकान्यात पहिली नोंद होते. ट्रॉफी मिळाली, आणि हंगामाच्या शेवटी प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात चेस्टर जेट्सला ७८-७५ असं हरवलं. चेस्टरनेच त्या वर्षी लीग जिंकली होती, म्हणजे हा धक्का होता. तोवर ईगल्स म्हणजे आहेत आपले उत्तरेकडचे, असं समजलं जायचं.

२००५-०६ मध्ये चारही. लीग, कप, ट्रॉफी, प्ले-ऑफ. ब्रिटनमध्ये याला ‘क्लीन स्वीप’ म्हणतात. त्या काळात त्यांच्याकडे ड्रू सलिव्हन होता, जो पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. शिवाय चार्ल्स स्मिथ हा अमेरिकी खेळाडू, ज्याच्याबद्दल वेगळं उत्तर लिहायला हवं. या लीगमध्ये अमेरिकी खेळाडू सहसा एक हंगाम खेळायचा, आकडे जमवायचा आणि युरोपात जास्त पगाराच्या संघाकडे निघून जायचा. प्रत्येक सप्टेंबरात संघ नव्याने जुळवायचा, नोव्हेंबरपर्यंत कुणाला कुणाची चाल कळायची नाही. स्मिथ वर्षानुवर्षं राहिला. शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात द्यायचा, हा प्रश्न ईगल्सना पडतच नव्हता. बाकी संघांना दर वर्षी पडायचा.

त्याच २००५-०६ च्या आगेमागे बाकीच्या लीगमध्ये काय चाललं होतं, ते शेजारी मांडून बघा. थेम्स व्हॅली टायगर्स २००५ मध्ये बंद पडले. त्यांच्या चाहत्यांनी उभं राहून गिल्डफर्ड हीट नावाचा नवा संघ काढला. बर्मिंगहॅम बुलेट्स आणि लंडन टॉवर्स ही नव्वदच्या दशकातली दादा मंडळी २००६ मध्ये लीगमधून गेली. म्हणून काही जण म्हणतात, ईगल्स जिंकले कारण समोर कुणी उरलंच नव्हतं. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. चाहत्यांनी काढलेल्या त्याच गिल्डफर्डने दुसऱ्याच वर्षी, २००६-०७ मध्ये, ईगल्सच्या नाकावर टिच्चून लीग जिंकली. ट्रॉफी प्लिमथ रेडर्सने नेली. ईगल्सकडे राहिला तो प्ले-ऑफ, स्कॉटिश रॉक्सला ९५-८२ असं हरवून. सलग तिसरा.

मग २००८, २००९, २०१० अशी सलग तीन वर्षं लीग. पैकी २००८-०९ सगळ्यात रंगलेला हंगाम: लीग, ट्रॉफी आणि प्ले-ऑफ, त्यात अंतिम सामना एव्हर्टन टायगर्सशी, ८७-८४. २००९-१० मध्ये लीग आणि ट्रॉफी. प्ले-ऑफ या वेळी एव्हर्टनने नेला.

या एव्हर्टन टायगर्सवर जरा थांबतो, कारण ईगल्सची गोष्ट यांच्याशिवाय कळत नाही. लिव्हरपूलच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या पाठिंब्याने हा संघ २००७ मध्ये लीगमध्ये आला. तीन वर्षांत एव्हर्टनने हात काढून घेतला, संघाचं नाव मर्सी टायगर्स झालं, आणि २०१०-११ मध्ये त्यांनी लीग, ट्रॉफी, प्ले-ऑफ असं तिहेरी यश मिळवलं. ईगल्स त्या वर्षी रिकाम्या हाताने घरी. पुढे काय झालं? २०१२-१३ मध्ये मर्सीने लीगचा एकही सामना जिंकला नाही. त्यानंतर संघच उरला नाही. विजेतेपदापासून शून्यापर्यंत दोन हंगाम. न्यूकासलला हॉल गेले तेव्हा हेच होऊ शकलं असतं.

२०१०-११ च्या त्या रिकाम्या हंगामातली एक गोष्ट तक्त्यात दिसत नाही. ईगल्सनी २०१० मध्ये मोठं अरीना सोडलं आणि आमच्या विद्यापीठाच्या स्पोर्ट सेंट्रलमध्ये आले. दहा हजारांच्या अरीनात दोन-तीन हजार माणसं बसली की ती हरवून जातात. शिवाय मैफली, प्रदर्शनं, हॉकी यांच्या मधून तारखा मिळवायच्या, दर वेळी फळ्यांचा कोर्ट अंथरायचा, भाडं वेगळं. स्पोर्ट सेंट्रलमध्ये तेवढीच माणसं आली की हॉल भरायचा. पाहुण्या संघाचा खेळाडू फ्री-थ्रोला उभा राहिला की त्याच्या मागच्या भिंतीपर्यंत माणसंच माणसं. आवाज छताला आपटून खाली यायचा.

२०११-१२: पुन्हा चारही. प्ले-ऑफचा अंतिम सामना बर्मिंगहॅमला लेस्टर रायडर्सशी, ७१-६२. आकड्यांवरूनच कळेल की सुंदर वगैरे सामना नव्हता, ओढाताण होती. फ्लर्नॉयला असेच सामने आवडायचे.

पुढच्याच वर्षी लेस्टरने परतफेड केली. २०१२-१३ मध्ये लीग, कप आणि प्ले-ऑफ त्यांचा, वेम्ब्लीतल्या अंतिम सामन्यात ईगल्स ५७-६८ असे हरले. लेस्टर हा १९६७ पासून चालत आलेला, देशातला सगळ्यात जुना व्यावसायिक क्लब. त्यांच्याकडेही रॉब पॅटर्नोस्ट्रो हा प्रशिक्षक २००८ पासून ठाण मांडून बसलेला. ईगल्सचं सूत्र दुसऱ्या कुणी नीट उचललं असेल तर ते यांनी.

२०१३-१४ मध्ये लीग परत आली, पण प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात वूस्टर वुल्व्ह्‌जने ९०-७८ असं पाडलं. आणि २०१४-१५ मध्ये तिसऱ्यांदा चारही करंडक. या संघाचा जीव होता राहमन फ्लेचर. छोट्या चणीचा गार्ड, उंच माणसांच्या काखेखालून आत शिरायचा आणि चेंडू बोर्डाच्या अशा कोपऱ्यावर टेकवायचा की त्याला अडवायला हात पोचायचाच नाही. प्ले-ऑफमध्ये लंडन लायन्सला हरवून त्यांनी हंगाम पुरा केला. एका दशकात तीन क्लीन स्वीप.

हे सगळं ज्या शहरात घडत होतं, तिथला फुटबॉल क्लब १९६९ च्या युरोपीय फेअर्स कपनंतर थेट २०२५ च्या लीग कपपर्यंत एकही मोठा करंडक जिंकला नाही. तरी शहराच्या मध्यात उभ्या असलेल्या सेंट जेम्स पार्कमध्ये पन्नास हजार माणसं, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही अडीच-तीन हजार. न्यूकासलच्या टॅक्सीवाल्याला ‘ईगल्स’ म्हटलं की अर्धा वेळ त्याला गाण्याचा बँड वाटायचा. याची कुणाला फार खंत होती असं नाही. ईगल्सचे खेळाडू आठवडाभर आसपासच्या शाळांमध्ये मुलांना खेळ शिकवायचे, ‘हूप्स फॉर हेल्थ’ नावाचा त्यांचा उपक्रमच होता. ती मुलं शुक्रवारी आईवडिलांना ओढत सामन्याला आणायची. हॉलमध्ये निम्मी गर्दी दहा-बारा वर्षांच्या पोरांची असायची आणि पोरांना खेळाडू नावानिशी ठाऊक असायचे. नागपूरला मैदानाच्या कडेला बसून सीनियर खेळाडूंच्या मागेपुढे करणारी मुलं मी पाहिली होती, त्यामुळे मला हे वातावरण परकं वाटलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: २०१५ नंतर विरळ का? करंडक अजिबात थांबले असं नाही, पण लीग पुन्हा मिळाली नाही. लेस्टरने २०१६ मध्ये स्वतःचं अरीना उभं केलं आणि पुढची काही वर्षं लीगवर पकड बसवली. २०१७ चा प्ले-ऑफ अंतिम सामना ईगल्स त्यांच्याशीच हरले, ६३-८४, लंडनच्या ओ-टू अरीनात. स्मिथच्या पिढीचे खेळाडू थांबले. आणि ब्लेक यांचं लक्ष, माझ्या मते योग्य कारणासाठी, दुसरीकडे होतं: स्वतःची इमारत.

ती जानेवारी २०१९ मध्ये उघडली, स्कॉट्सवुड भागात. टाइन नदीकाठचा हा पट्टा एकेकाळी आर्मस्ट्राँगच्या तोफा आणि जहाजांच्या कारखान्यांचा. कारखाने गेल्यावर बकाल झालेला. तिथे तीनेक हजार प्रेक्षकांचं, आठवडाभर शाळा आणि स्थानिक क्लबांसाठी खुलं असणारं अरीना संघाने आपल्या फाउंडेशनमार्फत, नगरपालिकेची आणि इतरांची मदत घेऊन बांधलं. माझं ठाम मत आहे की २०१९ च्या ओळीत करंडक नसला तरी ती या तक्त्यातली सगळ्यात मोठी ओळ आहे. याचा पुरावा दोन वर्षांत मिळाला. प्लिमथ रेडर्सने २०२१ मध्ये ट्रॉफी जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात भाड्याच्या हॉलवरून वाद होऊन संघ बंद पडला. ईगल्सना २०१४ मध्ये पाडणारे वूस्टर वुल्व्ह्‌जही त्याच वर्षी गेले.

फ्लर्नॉयने २०१९ मध्ये न्यूकासल सोडलं आणि तो एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमध्ये गेला, टोरंटो रॅप्टर्सच्या प्रशिक्षक वर्गात. रॅप्टर्स तेव्हा एनबीएचे ताजे विजेते होते. ज्या लीगचं नाव अमेरिकेत कुणी ऐकलेलं नाही, तिथल्या प्रशिक्षकाला हे बोलावणं येणं, हे ब्रिटिश बास्केटबॉलला मिळालेलं मोठं प्रशस्तिपत्र होतं. त्याच्या जागी इयान मॅकलाउड आला. २०१९-२० चा हंगाम कोविडमुळे अर्ध्यात रद्द झाला. तक्त्यात तिथे क्रमांक शोधू नका.

२०२०-२१ मात्र जरूर बघा. प्रेक्षक नाहीत, रिकाम्या खुर्च्या, आणि ईगल्सनी कप आणि प्ले-ऑफ दोन्ही जिंकले. दोन्ही अंतिम सामने लंडन लायन्सशी. प्ले-ऑफचा निकाल ६८-६६. डॅरियस डेफो हा ब्रिटिश फॉरवर्ड २०१२ च्या क्लीन स्वीपमध्येही होता आणि या संघातही होता. दुसऱ्या किती क्लबांना असं नाव दाखवता येईल?

त्यानंतरची ओळ विरळ आहे त्यामागे मात्र सरळ पैसा आहे, आणि तो ईगल्सचा नाही. ७७७ पार्टनर्स या मायामीच्या गुंतवणूक कंपनीने लंडन लायन्स ताब्यात घेतले आणि २०२१ च्या अखेरीस लीगचाही ४५ टक्के हिस्सा ७० लाख पाउंडांना घेतला. लायन्सने युरोपीय दर्जाचे खेळाडू आणले आणि बाकी संघ मागे पडले. २०२४ मध्ये ७७७ स्वतःच आर्थिक संकटात सापडली, जूनमध्ये ब्रिटिश बास्केटबॉल फेडरेशनने बीबीएलचा परवाना काढून घेतला आणि १९८७ पासून चाललेली लीग संपली. उरलेल्या क्लबांनी मिळून काही आठवड्यांत सुपर लीग बास्केटबॉल नावाने नवी लीग उभी केली, नऊ संघांची, ईगल्स त्यात धरून. म्हणून २०२४-२५ पासून तुमच्या तक्त्यात लीगच्या रकान्यात वेगळं नाव दिसतंय. संघ तोच आहे, हॉलही तोच.